स्वयंपाकघराचे नूतनीकरण : आधी अंदाजपत्रक, मग तोडफोड

स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचा खर्च अनेकदा फरशीखाली आणि भिंतीआड दडलेल्या कामांमुळे वाढतो. जुना ओटा फोडल्यावर गंजलेली जलवाहिनी किंवा ओल आढळते, हाताशी असलेली रक्कम अपुरी पडते आणि काम अर्धवट राहून कुटुंबाची चूल अडते. त्यामुळे एकूण तरतुदीपैकी १० ते १५ टक्के रक्कम राखीव ठेवणे हितावह ठरते.

कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी नळ, सांडपाणी व विजेच्या वाहिन्या, नंतर जलरोधक थर, मग फरशी आणि ओटा, शेवटी कपाटे. फरशी बसविण्यापूर्वी जलरोधक थरावर २४ तास पाणी साठवून गळतीची चाचणी घ्यावी. ओव्हन, इंडक्शन शेगडी यांसाठी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी याच टप्प्यावर करावी. अन्यथा नव्या फरशा फोडाव्या लागतात. गॅसजोडणी मात्र वितरकाच्या अधिकृत तंत्रज्ञाकडूनच हलवून घ्यावी.

कंत्राटदाराकडून लेखी दरपत्रक घ्यावे. त्यात साहित्य, मजुरी, राडारोड्याची वाहतूक तसेच वस्तू व सेवा कर यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. सिंकखालील कपाटासाठी भारतीय मानक ७१० चे प्लायवूड मागावे. पैसे झालेल्या कामानुसार टप्प्याटप्प्याने द्यावेत.

नूतनीकरणासाठी कर्ज घेतल्यास, स्वतः राहत असलेल्या घरासाठी जुन्या प्राप्तिकर प्रणालीत व्याजापोटी वर्षाला कमाल ३० हजार रुपयांची वजावट मिळू शकते. त्यासाठी कर्जाची कागदपत्रे आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.