चमचाभर वादळ

म्हैसूरहून हुणसूर रस्त्याने पश्चिमेला निघालं, की रिंग रोड ओलांडताना हिनकल लागतं. एकेकाळचं वेगळं गाव आता शहराला पुरतं चिकटलं आहे. इथून पुढचा रस्ता यंत्रांचा. हूटगळ्ळीत ट्रकचे आस बनवणारी ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स, जिच्यात पुण्याच्या कल्याणी समूहाची भागीदारी आहे; आणि याच पट्ट्यात बीईएमएलचा इंजिन विभाग. उलट फिरून शहराकडे आलं, की काही किलोमीटरवर यादवगिरी. तिथे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० साली ‘आयडियल जावा’ उभी केली. जावा आणि पुढे येझदी, या दोन नावांच्या मोटारसायकली १९९६ पर्यंत तिथून बाहेर पडत राहिल्या. इंजिन उघडून बघायला न घाबरणारी माणसं अशा गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात.

अशा गावातल्या गॅरेजमध्ये बाकावर एखादं हेड उलटं ठेवलेलं हमखास दिसतं. हेड म्हणजे सिलिंडरचं झाकण. बाहेरून नुसत्या पत्र्यासारख्या फिन्स, आणि उलटं केलं की तळाशी एक खळगा. त्यात दोन व्हॉल्व्हची गोल तोंडं आणि कडेला स्पार्क प्लगचं भोक. पिस्टन अगदी वर आला, की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण याच खळग्यात कोंडलं जातं आणि इथेच पेटतं. हा इंजिनाचा ज्वलनकक्ष.

हा खळगा केवढा? सिलिंडर शंभर सीसीचा आणि कॉम्प्रेशन नवास एक असेल, म्हणजे मिश्रण नवव्या हिश्श्याच्या जागेत दाबलं जात असेल, तर वर उरलेली जागा साधारण बारा सीसी. म्हणजे चहाचे अडीच चमचे. घरातली माणसं, गव्हाची पोती, दुधाच्या किटल्या वाहून नेणारी सगळी ताकद या अडीच चमच्यांत जन्माला येते. आणि नीट हिशेब केला, तर ती जन्माला यायलाच नको असं वाटतं.

तो हिशेब करून बघू. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला शंभर. एका फेऱ्याला दहा मिलिसेकंद, सेकंदाचा शंभरावा भाग. पण पूर्ण फेरा आगीच्या वाट्याला येत नाही. पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधीपासून तो खाली वळल्यानंतर थोडा वेळ, फेऱ्याच्या साधारण आठव्या हिश्श्यात जळणं उरकावं लागतं. त्यापेक्षा उशिरा पेटलेलं पेट्रोल पिस्टनला ढकलत नाही, सायलेन्सर तापवतं. हातात उरतो सव्वा मिलिसेकंद.

आता ज्योतीचा वेग बघा. पेट्रोल आणि हवेच्या अगदी शांत मिश्रणात ज्योत सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकते. प्लगपासून भिंतीपर्यंतचे अडीच सेंटीमीटर कापायला तिला पन्नास मिलिसेकंद लागतील. जळलेला वायू फुगतो आणि ज्योतीला पुढे ढकलतो, हे धरलं तरी दहा-बारा. हातात आहे सव्वा. शांत हवेत पेट्रोलचं वेगवान इंजिन चालणं शक्यच नाही. तरी ते रोज चालतं. कसं?

याचं उत्तर चुलीपाशी बसलेल्या कोणत्याही आजीला ठाऊक होतं. लाकडं धुमसत असली, की ती फुंकणी उचलायची. फुंकणीतून जास्तीची हवा जाते, हे खरं. पण त्या फुंकरीने ज्योत फाटते, तिच्या जिभा होतात, प्रत्येक जीभ नव्या लाकडाला चाटते. ज्योतीचा पृष्ठभाग वाढला, की एका क्षणात जळणारा ऐवज वाढतो. इंजिनातही तेच घडतं. ज्योतीचा गुळगुळीत फुगा चुरगळतो, त्याला हजार घड्या पडतात, प्रत्येक घडीची कडा आपापल्या जागी मिश्रण खात जाते. आग मुळात हळूच चालते. पण हजार ठिकाणी एकदम चालली, की तिचा एकूण वेग कैक पटींनी वाढतो. अर्धा मीटर सरकणारी ज्योत सेकंदाला दहा-वीस मीटर आणि त्याहूनही पुढे जाते.

ही फुंकणी इंजिनात कुठून येते? पहिला वाटा श्वासाचा. पिस्टन खाली जाताना हवा इनलेट व्हॉल्व्हच्या अरुंद फटीतून आत घुसते. शंभर सीसीच्या इंजिनात सहा हजार फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेगच सेकंदाला दहा मीटरच्या घरात असतो. व्हॉल्व्हचं तोंड पिस्टनपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे तिथे वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पोचतो. वादळाचा वेग हा, आणि तो बोटभर नळीत.

हे वादळ आगीला खरंच लागतं का, हे डगल्ड क्लार्क या ब्रिटिश इंजिनिअरने १९१२ च्या सुमारास मोठ्या सोप्या युक्तीने तपासलं. त्याने गॅसवर चालणाऱ्या इंजिनात मिश्रण आत घेतलं, पण ठिणगी दिली नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवून तेच मिश्रण आणखी काही वेळा दाबू-पसरू दिलं. मधल्या वेळात आतली खळबळ निवत गेली. मग ठिणगी दिली. मिश्रण तेच, दाब तसाच; पण जळायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. फरक होता तो फक्त खळबळीचा.

यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट अशी, की इंजिन जितकं वेगाने फिरतं, तितकी आतली खळबळही वाढते. फेरे दुप्पट झाले की जळायला मिळणारा वेळ निम्मा होतो. पण हवाही दुप्पट वेगाने आत येते आणि ज्योतही जवळजवळ त्याच प्रमाणात धावते. घाई वाढली की घाईला पुरा पडणारा वाराही आपोआप वाढतो. हे नातं नसतं, तर पेट्रोल इंजिन काही शे फेऱ्यांवरच अडकून पडलं असतं आणि रस्त्यावरची मोटारसायकल आपल्याला माहीतच झाली नसती.

पण आत आलेली खळबळ मिश्रण दाबलं जाईपर्यंत विरू लागते. ऐन पेटण्याच्या वेळी पुन्हा एक फुंकर हवी. ती कशी मिळवायची, हे हॅरी रिकार्डो या ब्रिटिश इंजिनिअरने दाखवलं. त्या काळची बहुतेक इंजिनं साइड व्हॉल्व्हची होती, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी; खळगा लांबट आणि पसरट, आग रेंगाळायची. रिकार्डोने १९१९ साली पेटंट घेतलेल्या हेडमध्ये खळगा एका बाजूला, व्हॉल्व्हच्या वर, प्लगभोवती गोळा केला. उरलेल्या भागात हेडचा पृष्ठभाग इतका खाली आणला, की पिस्टन त्याला जवळजवळ टेकावा. पिस्टन वर येताच त्या फटीतलं मिश्रण चिमटीतल्या साबणासारखं सुळकन बाजूला फेकलं जातं आणि थेट आगीच्या तोंडी जातं. यालाच इंजिनवाले ‘स्क्विश’ म्हणतात. आज बहुतेक हेडमध्ये खळग्याच्या कडेला सपाट पट्टा असतो, तो याच कामाचा.

त्या पट्ट्याचा दुसरा फायदाही मोठा आहे. आग पोचेपर्यंत कोपऱ्यात थांबलेलं मिश्रण तापत आणि दाबलं जात राहतं. फार वेळ थांबलं, तर ज्योतीची वाट न बघता ते एकदम स्वतःच पेटतं. चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये रेटली, की खणखण ऐकू येते, ते नॉकिंग हेच. स्क्विशच्या पट्ट्यात अडकलेलं थोडं मिश्रण पातळ थरात, थंड धातूला बिलगून असतं. आणि बाकीचं लवकर जळून जातं. कोपऱ्याला वाट बघावीच लागत नाही. नॉकिंग टळलं, की कॉम्प्रेशन वाढवता येतं, आणि कॉम्प्रेशन वाढलं, की त्याच थेंबातून जास्त काम निघतं.

ही फट केवढी असावी? साधारण एक मिलिमीटर. फार मोठी राहिली तर फुंकर उठत नाही. फार लहान राहिली तर तापलेला पिस्टन हेडला थडकतो. जुना, जाणता मिस्तरी ती मोजतो, ते बघण्यासारखं असतं. तो हेड उतरवतो, पिस्टनच्या कडेवर सोल्डरच्या मऊ तारेचा तुकडा ग्रीसने चिकटवतो, हेड परत आवळतो आणि हाताने क्रँक एक फेरा फिरवतो. पुन्हा हेड उतरवून चपटी झालेली तार व्हर्नियरमध्ये धरतो. बंद इंजिनाच्या आतली कुणाला न दिसणारी फट आता त्याच्या चिमटीत असते.

खळग्याचं माप काढायची रीतही अशीच. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं, अगदी सपाट ठेवायचं. कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबून बसवायची आणि ब्युरेटने थेंब-थेंब पातळ तेल सोडायचं. शेवटचा बुडबुडा भोकातून निघून गेला, की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली ती काचेची नळी इथे काळ्या हातांत, तितक्याच निगुतीने धरलेली असते.

वाऱ्याची वाट नीट करणं हाही याच कामाचा भाग. गॅरेजमध्ये एक समज पक्का असतो: पोर्ट, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत हवा आणणारी नळी, मोठं केलं, की गाडीचा दम वाढतो. पण पोर्ट रुंद केलं की हवेचा वेग पडतो, आणि वेग पडला की आतली खळबळही पडते. वरच्या फेऱ्यांना गाडी धावते, गावातल्या गर्दीत मात्र रडते. म्हणून जाणकार माणूस पोर्टमध्ये ग्राइंडर सरसकट फिरवत नाही. व्हॉल्व्हजवळ हवा जिथे वळण घेते, त्या आतल्या वळणावर आणि व्हॉल्व्ह सीटच्या कडांवर तो आपला वेळ घालवतो. हवा भिंतीला धरून वळली पाहिजे. भिंत सोडून उडाली, की तिथे रिकामा भोवरा होतो आणि वाट अडते.

म्हैसूरने या शास्त्रात स्वतःची एक रेघ ओढली आहे. अक्षरशः रेघ. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं ट्यून करणारे म्हैसूरचे सोमेंदर सिंग यांना वाटलं, की स्क्विशची फुंकर सपाट पट्टीसारखी सुटते. तिला नळ्यांतून सोडलं तर? त्यांनी स्क्विशच्या पट्ट्यात बारीक चर कापले, खळग्याकडे, प्लगच्या रोखाने उघडणारे. पिस्टन वर आला, की दाबलं गेलेलं मिश्रण त्या चरांमधून धारा होऊन सुटतं आणि मधोमध एकमेकांवर आदळतं. एका फुंकणीच्या जागी अनेक फुंकण्या. ज्वलनकक्षातली खळबळ वाढवणाऱ्या या रचनेला २००१ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ६२३७५७९. इंजिनवेड्यांच्या जगात हे चर ‘सिंग ग्रूव्ह’ म्हणून ओळखले जातात.

पेटंट सांगतं, की कल्पना नवी आहे. तिने किती पेट्रोल वाचतं, हे मोजमापानेच सांगायचं असतं. चर कापला की खळगा थोडा मोठा होतो, कॉम्प्रेशन थोडं उतरतं. चराची कड धारदार राहिली, तर तिथे धातू तापून मिश्रण अवेळी पेटू शकतं. हे सगळं तराजूत घालून खरा निवाडा डायनॅमोमीटरवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर होतो. पण कंपनीच्या प्रयोगशाळेबाहेरच्या एका माणसाने हवेच्या अदृश्य धारा मनात बघाव्यात आणि त्या धातूत कोराव्यात, याचं मोल मला फार वाटतं. रिकार्डोही असाच खळग्याकडे बघत बसला होता.

याच कोड्याला पुण्याने वेगळं उत्तर दिलं. वाऱ्याने ज्योत पळवायची, तसं ज्योतीचं अंतरही कमी करता येतं. बजाजने २००३ साली पल्सरला डीटीएस-आय इंजिन दिलं: एकाच खळग्यात समोरासमोर दोन प्लग. दोन टोकांना लागलेल्या दोन ज्योती मधोमध भेटतात. प्रत्येकीला जेमतेम निम्मी वाट चालावी लागते. दोन दिव्यांनी खोली लवकर उजळावी, तसं. २०१२ मध्ये पल्सर २०० एनएसला तिसरा प्लगही मिळाला. या खळग्याची किंमत केवढी, तर दोन प्लगच्या मालकीवरून बजाज आणि टीव्हीएस २००७ पासून मद्रास उच्च न्यायालयात भांडले आणि २००९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. टीव्हीएसचा एक कारखाना म्हैसूरलाच आहे. अडीच चमचे जागेसाठी पुणे आणि म्हैसूरचा रस्ता असाही जोडला गेला.

आणि फुंकर किती असावी, यालाही मर्यादा आहे. आजी जोरात फुंकायची ती निखाऱ्यावर. नुकत्याच ओढलेल्या काडीवर मात्र हाताचा आडोसा धरायची. इंजिनातही ठिणगीतून जन्मलेलं आगीचं बीज टाचणीच्या डोक्याएवढं असतं. वारा तिथे फार झाला, तर ते विझतं आणि तो फेरा वाया जातो. म्हणून उत्तम खळगा बीजाला क्षणभर जपतो आणि मग वाऱ्याच्या स्वाधीन करतो. काडीभोवतीचा हात आणि चुलीपुढची फुंकणी, दोन्ही एकाच वाटीत, एका मिलिसेकंदाच्या अंतराने.

पुढच्या वेळी गाडीचं हेड उतरवलेलं असेल, तर मिस्तरींना म्हणा, “जरा उलटं करून दाखवा.” खळग्यात काजळी दिसेल, पण ती सगळीकडे सारखी नसेल. कुठे जाड आणि काळी, कुठे तपकिरी. आणि कडेला, स्क्विशच्या पट्ट्यावर, बऱ्याचदा धातूची चंद्रकोर लख्ख उघडी पडलेली असते. दर सेकंदाला पन्नास वेळा सुटलेल्या वाऱ्याने ती जागा स्वच्छ ठेवलेली असते. त्या चंद्रकोरीवरून बोट फिरवून बघा.