खेळ आणि पाल्य : लेखांक ९ – क्लब बदलावा केव्हा आणि कसा?

मुलाला कोणत्या क्लबात घालावे याचा विचार मागील लेखांकात झाला. घातलेल्या क्लबातून काढून त्याला दुसरीकडे न्यावे की नाही, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. कारण पहिल्या वेळी पालकांजवळ फक्त अपेक्षा असतात, तर दुसऱ्या वेळी अपेक्षांच्या जोडीला राग, संकोच, भरलेली फी आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या इतर पालकांची मतेही येऊन बसतात. या लेखांकात मुख्यतः मुंबईच्या मैदानी क्रिकेटचा आधार घेतला आहे, कारण क्लब, शाळा आणि प्रशिक्षक यांची गुंतागुंत जितकी तेथे स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसते.

प्रथम ही गुंतागुंत सोडवून घेतली पाहिजे. क्लब म्हणजे क्रीडा संघटनेशी संलग्न असलेली आणि तिच्या स्पर्धांत स्वतःचा संघ उतरवणारी संस्था. अकादमी म्हणजे फी घेऊन प्रशिक्षण देणारी व्यवस्था, जिला स्वतःचा नोंदणीकृत संघ असेलच असे नाही. आणि शाळा ही तिसरी वाट, जिच्यामार्फत मूल १४ वर्षांखालील जाईल्स शिल्ड किंवा १६ वर्षांखालील हॅरिस शिल्ड यांसारख्या आंतरशालेय स्पर्धा खेळते. एकच मुलगा सकाळी अकादमीत सराव करतो, दुपारी शाळेकडून खेळतो आणि रविवारी क्लबाच्या संघात असतो, हे मुंबईत नित्याचे आहे. म्हणून पालक जेव्हा ‘क्लब बदलायचा आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना प्रशिक्षक बदलायचा आहे, संघ बदलायचा आहे की शाळा बदलायची आहे, हे त्यांनी आधी स्वतःशी निश्चित केले पाहिजे. अकादमी सोडताना फीपलीकडे सहसा काही मिटवावे लागत नाही. नोंदणीकृत क्लब सोडताना मात्र संघटनेची कागदपत्रे आड येतात.

या बाबतीत सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण सचिन तेंडुलकर यांचे आहे, आणि बहुधा तेच सर्वाधिक चुकीचे समजले गेले आहे. वांद्र्याच्या शाळेतून ते दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेले, ही गोष्ट ‘चांगल्या प्रशिक्षकासाठी जागा बदलावी’ या अर्थाने सांगितली जाते. वस्तुतः रमाकांत आचरेकर यांच्याकडे शिवाजी पार्कवर त्यांचा सराव आधीच सुरू झालेला होता; शाळा बदलली ती आचरेकरांच्याच सल्ल्याने, आंतरशालेय स्पर्धांतील सामने वाट्याला यावेत म्हणून. म्हणजे प्रशिक्षक तोच राहिला आणि वाढली ती सामन्यांची संख्या. पुढे वांद्रे ते दादर हे रोजचे येणे-जाणे झेपेना तेव्हा त्यांची राहण्याची सोय शिवाजी पार्कजवळच्या नातेवाईकांकडे करण्यात आली. याच शाळेकडून खेळताना १९८८ साली विनोद कांबळी यांच्यासह त्यांनी हॅरिस शिल्डमध्ये ६६४ धावांची अखंडित भागीदारी केली, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या विक्रमामागे प्रशिक्षक टिकवून धरणे, सामने वाढवणे आणि प्रवास कमी करणे हे तीन निर्णय होते, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

बदल करावा की नाही याचा निवाडा रविवारच्या संघनिवडीवरून करण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. तो मंगळवारच्या सरावावरून करणे अधिक योग्य ठरते. दोन नेट, तीस मुले आणि दोन तासांचा सराव असेल, आणि त्यातील अर्धा तास धावणे व वॉर्मअप यांत जात असेल, तर उरलेल्या दीड तासात दोन्ही नेटची मिळून १८० मिनिटे होतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला फलंदाजीची सहा मिनिटे येतात. प्रत्यक्षात ही सहा मिनिटेही समान वाटली जात नाहीत. संघातील चार-पाच मुले पॅड बांधून पंधरा मिनिटे खेळतात आणि शेवटच्या मुलाची पाळी आली की अंधार पडू लागतो. पालकांनी नेटच्या मागे शांतपणे उभे राहून आठवडाभर दोनच गोष्टी पाहाव्यात: आपल्या मुलाला किती चेंडू खेळायला किंवा टाकायला मिळाले, आणि प्रशिक्षकाने त्याचे नाव घेऊन, त्याच्याच खेळाविषयी काही सांगितले का. ‘पाय पुढे टाक’ ही हाक सर्वांसाठीच असते. ‘काल सांगितलं ते आज का केलं नाहीस?’ हा प्रश्न एकाच मुलासाठी असतो. महिनोन्‌महिने मुलाला असा एकही प्रश्न विचारला जात नसेल, तर क्लब बदलण्यास ते पुरेसे कारण आहे, मग मूल संघात असो वा नसो.

याउलट, निवड न होणे हे क्लब बदलण्याचे सर्वांत दुबळे कारण होय, आणि यामागे शरीरशास्त्र आहे. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो, परंतु व्यक्तिपरत्वे तो एक-दोन वर्षे अलीकडे-पलीकडे सरकतो. त्यामुळे १४ वर्षांखालील एकाच संघात मिसरूड फुटलेला, खांदे रुंदावलेला मुलगा आणि ज्याचा आवाजही फुटलेला नाही असा मुलगा शेजारी शेजारी उभे असतात, आणि दोघांच्याही जन्मदाखल्यात खोट काढता येत नाही. वयचोरी रोखण्यासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाच्या क्ष-किरण छायाचित्रावरून हाडांचे वय, म्हणजे सांगाड्याची वाढ किती पूर्ण झाली आहे याचे माप, काढते. परंतु वयोगटात बसणाऱ्या मुलांमधील वाढीची तफावत त्याने मिटत नाही. उशिरा वाढणाऱ्या मुलाला या वयात संघाबाहेर बसावे लागले म्हणून क्लब बदलला, तर नव्या क्लबातही त्याच्या वाट्याला तेच येण्याचा संभव असतो. शिवाय वाढीच्या या काळात जुना समतोल बिघडतो, गोलंदाजाचा रनअप चुकू लागतो, गुडघ्याखाली दुखते. त्याच वेळी नवा प्रशिक्षक शैलीत हात घालू लागला, तर बिघाड वाढीमुळे झाला की शिकवण्यामुळे, हे कोणालाच कळत नाही.

काही प्रसंगी मात्र हंगाम संपण्याची वाट पाहू नये. मारहाण, जातीवरून किंवा शरीरावरून हिणवणे, दुखापत असताना खेळण्याची सक्ती, किंवा मुलाच्या शरीराशी गैरवर्तन, यांपैकी काहीही घडत असेल तर मूल त्याच दिवशी तेथून काढावे. लैंगिक गैरवर्तनाच्या बाबतीत तर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, जो पोक्सो या नावाने ओळखला जातो, असा गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो. ‘क्लबाची बदनामी नको’ म्हणून गप्प राहून फक्त क्लब बदलणे हे त्या कायद्यात बसत नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आता पद्धतीविषयी. बदलाची योग्य वेळ म्हणजे हंगामाचा शेवट, परंतु नवा क्लब पारखण्याची वेळ ती नव्हे, कारण मुंबईत हंगाम सरतो तो एप्रिल-मेच्या उन्हाळी शिबिरांच्या गर्दीत, आणि शिबिरातला क्लब हा वर्षभराचा क्लब नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरमधील एखाद्या साध्या दिवशी, कोणालाही न सांगता, दूर बसून पाहिलेला सराव पालकांना खरे काय ते सांगतो. निर्णय झाल्यावर तो प्रथम जुन्या प्रशिक्षकाला, प्रत्यक्ष भेटून आणि मुलाला बरोबर घेऊन सांगावा. शिवाजी पार्कवर दोन क्लबांच्या नेटमध्ये हाकेचेही अंतर नसते. न सांगता गेलेले मूल दुसऱ्या दिवशी जुन्या सरांच्या नजरेसमोरच सराव करते, आणि त्या अवघडलेपणाचे ओझे पालकांना नव्हे, मुलाला वाहावे लागते. ‘सर, मार्चनंतर याला घराजवळच्या क्लबात घालायचं ठरवलंय’ एवढे वाक्य पुरते. तक्रारींचा पाढा वाचण्याची गरज नसते.

त्याच भेटीत कागदपत्रांचे काम उरकावे. नोंदणीकृत खेळाडूला दुसऱ्या क्लबाकडून खेळण्यासाठी अनेक संघटना जुन्या क्लबाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागतात, म्हणजे थकबाकी किंवा आक्षेप नसल्याचा लेखी दाखला. स्पर्धांतील सहभागाची मूळ प्रमाणपत्रे क्लबाच्या कपाटात राहून गेली, तर दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव करताना धावपळ होते. म्हणून तीही ताब्यात घ्यावीत. दाखला अडवून ठेवला गेला, तर भांडण न करता संघटनेकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी फुटबॉलच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी. फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय स्थलांतर सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. त्यास असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे पालकांनी फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी देश बदलणे. नेमणुकीचे पत्र आणि निवासाचा पुरावा हाताशी असावा तो यासाठीच.

नव्या क्लबातील पहिले दोन-तीन महिने सर्वांत नाजूक असतात, कारण नव्या सरांवर छाप पाडण्याच्या भरात मूल दुप्पट खेळते आणि शाळेचा सराव तर चालूच असतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या पालकांनी शाळा, क्लब आणि अकादमी मिळून आठवड्याला टाकलेल्या चेंडूंचा एकत्र हिशेब वहीत मांडावा, कारण तीन प्रशिक्षकांपैकी प्रत्येकाला फक्त आपल्यासमोरचेच चेंडू दिसतात. धावा आणि बळी यांची मोजदाद या काळात करू नये, आणि नव्या क्लबातील पहिला संपूर्ण हंगाम पार पडेपर्यंत तिसऱ्या क्लबाची चौकशीही करू नये.