सायलेन्सरमधली परतीची लाट

टू-स्ट्रोक मोटरसायकलचा रेसिंग पाइप पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा कुठेतरी बिघडला असावा. इंजिनाजवळ बारीक, मध्ये शेळी गिळलेल्या अजगरासारखा फुगलेला, पुढे पुन्हा निमुळता आणि शेवटी बोटभर जाडीची नळी. नुसता धूर बाहेर काढायचा असता तर सरळ नळकांडं पुरलं असतं. आपल्याकडे बरेच जण तसंच मानतात. सायलेन्सरची पुंगळी काढली की 'गाडी मोकळी झाली', असं गॅरेजच्या बाकड्यावर बसून ठामपणे सांगितलं जातं. आवाज वाढतो हे खरं. गाडी मात्र बहुतेक वेळा पळत नाही, उलट मधल्या रेसला मरगळते. टू-स्ट्रोकची बरीचशी ताकद बाहेर जाणाऱ्या धुरामागे इंजिनाकडे परत फिरणाऱ्या दाबाच्या लाटेतून येते, आणि ती लाट परतवायलाच त्या पाइपाचं पोट असतं.

या इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो, मग ताजं मिश्रण आत सोडणारे ट्रान्सफर पोर्ट. वर जाताना ट्रान्सफर आधी बंद होतात आणि एक्झॉस्ट मागाहून. म्हणजे काही क्षण आत आलेल्या पेट्रोलला बाहेर पळायला दार सताड उघडं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या पेट्रोल पितात त्याचं मोठं कारण हेच.

एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची एक लाट पाइपात धावते. पाइप रुंदावत जातो तिथून तिचा काही भाग कमी दाबाच्या रूपात मागे फिरतो आणि सिलिंडर शोषून काढतो. त्या ओढीने ताजं मिश्रण जोरात आत येतं, थोडं पाइपातही उतरतं. मूळ लाट पुढे जाऊन निमुळत्या भागावर आपटते आणि तिथून जास्त दाबाची होऊन परतते. पोर्ट मिटण्याच्या बेतात असतानाच ती पोचली, तर पळालेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरात कोंबते. लवकर आली तर अडथळा, उशिरा आली तर दार बंद.

आता हिशेब पाहा. ७,५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो. एक्झॉस्ट पोर्ट साधारण अर्धा फेरा उघडा धरला, तर हाती ४ मिलिसेकंद. गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर. पोर्टपासून निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंतचं अंतर एक मीटरच्या घरात आलं. हीच ताकद ९,००० आरपीएमला हवी असेल, तर पाइप सुमारे १७ सेंटिमीटर आखूड करावा लागतो, आणि मग खालच्या रेसला गाडी मेल्यासारखी चालते. सगळीकडे चालणारा पाइप नसतो. कुठल्या आरपीएमला ताकद हवी ते आधी ठरवायचं, मग पत्रा कापायचा.

हे गणित प्रत्यक्षात उतरलं पूर्व जर्मनीत. सॅक्सनीतल्या त्शोपाउ या छोट्या गावी एमझेड या मोटरसायकल कंपनीचा कारखाना होता आणि त्याचा रेसिंग विभाग वॉल्टर काडेन सांभाळत होते. युद्धकाळात पेनेम्युंडेला क्षेपणास्त्रांच्या कामावर असलेला हा इंजिनिअर आता तुटपुंज्या साधनांवर मोटरसायकली बनवत होता. इंजिनिअर एरिक वोल्फ यांच्या आधीच्या कामाचा धागा पकडून त्यांनी ऑसिलोस्कोपवर पाइपातल्या लाटा पाहिल्या आणि एक्झॉस्ट, पोर्ट व फिरत्या चकतीने उघडणारा-मिटणारा इनटेक एकमेकांना जुळवून घेतले. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली. लिटरमागे २०० हॉर्सपॉवर, तीही बाहेरून हवा न कोंबता, हा पल्ला आधी कोणी गाठला नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनच्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीत काडेन यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर जागतिक विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. इंजिन बिघडलं. शर्यतीनंतर डेग्नर एमझेडच्या गोटात परतलाच नाही. तो पश्चिम जर्मनीत निसटला आणि काडेनची विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर तो जगज्जेता झाला. सुझुका ट्रॅकवरची वळणं आजही त्याच्या नावाने ओळखली जातात. काडेनच्या वाट्याला मात्र एकही जागतिक विजेतेपद आलं नाही, याची मला तरी चीड येते.

यामाहाचा त्शोपाउशी संबंध त्याहून जुना. तिची पहिली मोटरसायकल, १९५५ ची वायए-१, ही डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आरटी १२५ ची जवळजवळ नक्कल होती. आणि डीकेडब्ल्यूचा कारखाना म्हणजे त्शोपाउचाच, पुढे ज्याचं एमझेड झालं तो. एस्कॉर्ट्सने यामाहाबरोबर १९८५ मध्ये भारतात आणलेली आरएक्स-१०० याच घराण्यातली. ९८ सीसी, ७,५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर, शंभर किलोच्या आसपास वजन. उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. काडेनही त्याच वर्षी गेले.

आता कार्बोरेटर. पाइप बदलला की इंजिन किती हवा ओढतं ते बदलतं, म्हणजे पेट्रोलचं मापही बदलायला हवं. इथेच हौशी मंडळी फसतात: पाइपवर हजारो रुपये घालवतात आणि पेट्रोल मापून सोडणारा काही रुपयांचा जेट तसाच ठेवतात. आरएक्सचा २० मिलिमीटरचा मिकुनी कार्बोरेटर समजायला सोपा आहे. थ्रॉटल पाव उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. स्क्रू आत नेला की हवा कमी, मिश्रण घट्ट. बाहेर काढला की पातळ. त्याच्या जरा पुढे स्लाइडच्या खालच्या कापाचा प्रभाव. पावपासून पाऊण थ्रॉटलपर्यंत सुई. तिच्या डोक्याकडच्या खाचांमध्ये क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. पाऊणच्या पुढे मेन जेट. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, म्हणून जाणते मिस्त्री आधी मेन जेट ठरवतात, मग सुई, आणि एअर स्क्रू सर्वांत शेवटी, इंजिन गरम असताना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशाने फरक पडला ते देवालाही कळत नाही.

जेटचं भोक तारेने कोरून मोठं करणारे अजूनही भेटतात. तसं कधीच करू नये. भोक वेडंवाकडं होतं आणि जेटवरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

पेट्रोल पुरेसं आहे का, हे प्लग सांगतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने गाडी पळवायची, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून पाहायचा. हळूहळू थांबवत आणलं तर प्लग खालच्या रेसची हकिकत सांगतो, मेन जेटची नाही. चिनी मातीवर तपकिरी छटा असेल तर ठीक. काळी, ओलसर काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. गाडी घुमते, धूर ओकते, पण टिकते. पांढराफटक प्लग म्हणजे धोका. पातळ मिश्रण जास्त तापतं आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो किंवा त्याच्या माथ्यालाच भोक पडतं. त्यातली फसवी गोष्ट अशी, की पिस्टन जाण्याआधी गाडी सर्वांत छान पळत असते. रायडर खुश होऊन थ्रॉटल आणखी पिळतो. म्हणून सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करावी आणि एकेक आकडा खाली यावं.

फोर-स्ट्रोकमध्येही एक्झॉस्टच्या लाटा असतात, पण तिथे दार मिटायला व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे पाइपाने मिळणारा फायदा बेताचाच. बुलेटला लावलेल्या बहुतेक पुंगळ्यांचं काम शेजाऱ्यांची झोप मोडणं एवढंच. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार अशा बदलांना मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. रेसिंग पाइपाची जागा ट्रॅकवर. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे उत्सर्जनाचे नियम आल्यापासून नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटरही जवळपास गेला. हवेचा दाब आता सेन्सर मोजतो आणि पेट्रोल कॉम्प्युटर ठरवतो.

जुन्या गाडीवर ते आपल्यालाच ठरवावं लागतं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोचलं की आपण सुमारे १,३५० मीटरवर असतो आणि हवा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ झालेली असते. खाली नीट चालणारी आरएक्स वर घुमू लागते, कारण पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी. चार दिवस वर राहायचं असेल तर मेन जेट एक नंबर लहान टाकावा. पण परत निघताना, कंटाळा आला तरी, जुना जेट बसवूनच घाट उतरावा. तो लहान जेट तसाच ठेवून मुंबई-गोवा महामार्गाच्या उन्हात पूर्ण थ्रॉटल दिला, तर महाड यायच्या आत पिस्टन चिकटू शकतो.