बदनाम घाट, खरा चोर ऊन: इंजिनच्या हवेचा हिशोब

हा आपल्या एपिसोडचा लेखी उतारा. आकडेमोड नुसती ऐकून डोक्यात बसत नाही, म्हणून ती इथे पायरी-पायरीने लिहिलीय. फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

मे महिन्यात भर दुपारी मलकापूरहून बुलढाण्याला निघालं की राजूर घाटात बाईक दम टाकते. मागे बसलेला लगेच सांगतो, "वर हवा विरळ असते ना, म्हणून." काहीजण तर दुसऱ्याच दिवशी कार्बोरेटर खोलून घेतात. पैसे घालवण्याआधी एवढंच बघूया, की यात हवेचा वाटा किती?

आधी मुद्दा समजून घ्या. इंजिन हवा मापाने घेतं, पण पेट्रोल जळतं ते हवेच्या वजनावर. जुन्या काळी धान्य पायलीने मोजायचे. पायली तेवढीच, पण आत ज्वारी आहे की ज्वारीच्या लाह्या, यावर वजन ठरायचं. १०० सीसीचं इंजिन म्हणजे १०० सीसीची पायली. आतली हवा किती 'भरीव' आहे ते घनता सांगते.

सूत्र सोपं आहे:

घनता = दाब ÷ (२८७ × तापमान)

हे २८७ दिसायला साधं आहे, पण त्याची अट कडक आहे. दाब पास्कलमध्येच हवा, तापमान केल्विनमध्येच हवं. तरच उत्तर किलो प्रति घनमीटर येतं. केल्विन म्हणजे सेल्सिअस अधिक २७३. हेक्टोपास्कलला १०० ने गुणलं की पास्कल.

आता आपला जिल्हा घ्या. मलकापूर समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटरवर, बुलढाणा शहर साधारण ६४० मीटरवर. प्रमाणित वातावरणाच्या हिशोबाने दाब येतो अनुक्रमे ९८,४०० आणि ९३,९०० पास्कल. तापमानं मी उदाहरणादाखल धरलीत:

मलकापूर, जानेवारीची सकाळ, १४ अंश: ९८,४०० ÷ (२८७ × २८७) = १.१९
मलकापूर, मेची दुपार, ४४ अंश: ९८,४०० ÷ (२८७ × ३१७) = १.०८
बुलढाणा, मेची दुपार, ३८ अंश: ९३,९०० ÷ (२८७ × ३११) = १.०५
बुलढाणा, जानेवारीची सकाळ, १२ अंश: ९३,९०० ÷ (२८७ × २८५) = १.१५

नीट बघा. मे महिन्यात घाट चढून गेलात तर घनता १.०८ वरून १.०५ झाली, म्हणजे जेमतेम ३ टक्के घट. पण मलकापुरातच थांबलात आणि जानेवारीचा मे झाला, तर ९ टक्क्यांहून जास्त घट! थंडीतल्या बुलढाण्याची हवा उन्हाळ्यातल्या मलकापूरपेक्षा भरीव आहे. बदनाम घाट होतो, चोर मात्र ऊन आहे. घाटात गाडी दमते ती मुख्यतः चढामुळे.

आता इंजिनकडे. १०० सीसी म्हणजे ०.०००१ घनमीटर. ६,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं, म्हणून ५० श्वास. पूर्ण थ्रॉटलला सिलिंडर ८० टक्के भरतो असं धरू.

०.०००१ × ५० × ०.८ = ०.००४ घनमीटर प्रति सेकंद

याला घनतेने गुणा. जानेवारीत मलकापूरला सेकंदाला ४.८ ग्रॅम हवा, मेमध्ये बुलढाण्याला ४.२ ग्रॅम. साधारण १२ टक्के कमी, आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात कमी. इंजेक्शनवाली गाडी सेन्सर बघून पेट्रोल तेवढंच कमी सोडते. जुन्या कार्बोरेटरला ते नीट जमत नाही, मग हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं आणि मायलेज घसरतं.

आता चुका कुठे होतात? केल्विनऐवजी ४४ टाकलं तर घनता ७.८ येते. हा आकडा बघताच शंका येते, म्हणून ही चूक फार घातक नाही. घातक चूक ती, जी बरोबर दिसते. हवामानाचं ॲप बहुतेकदा समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतं. समजा बुलढाण्यात ॲपवर १,००५ हेक्टोपास्कल दिसलं आणि तुम्ही तेच टाकलं, तर १.०५ च्या जागी १.१३ येईल. दिसायला ठीकठाक, पण ७ टक्के चूक! काही फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असतो. तो तुम्ही उभे आहात तिथला दाब देतो, तोच वापरा.

एककांचा घोळ केवढा महाग पडतो ते १९८३ मध्ये कॅनडात दिसलं. एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ मध्ये इंधन भरताना किलो प्रति लिटर घनता हवी होती, हिशोबात आली पौंड प्रति लिटरची १.७७. निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली इथल्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. सगळे वाचले.

म्हणून कोड लिहिताना मी व्हेरिएबलचं नाव नुसतं 'दाब' ठेवत नाही, 'दाब_पास्कल' ठेवतो. वहीतही तसंच करा, प्रत्येक आकड्यामागे त्याचं एकक लिहा.

आणि गाडीचं म्हणाल, तर उन्हाळ्यात सपाट रस्त्यावर पिकअप थोडा मंदावला तर काळजी नको, तो हवेचा हिशोब आहे. फरक त्याहून बराच मोठा वाटला, तर आधी एअर फिल्टर बघा आणि मगच मेकॅनिक गाठा.