द्राक्षावरची साय

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या गंगापूर रोडला आनंदवल्ली, सोमेश्वरच्या बाजूला द्राक्षांचे क्रेट दिसू लागले की गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘ही पांढरी पावडर औषधाची ना हो?’ मग विक्रेताही फडकं घेऊन घड पुसतो, मणी चकचकीत करून दाखवतो. गिऱ्हाईक खूश. गेलं मात्र नेमकं तेच, जे वेलीनं महिनोन् महिने जपून ठेवलं होतं.

ती पांढरट साय म्हणजे मेण. वेलीनं स्वतः तयार केलेलं. त्यात मोठा वाटा ओलिॲनोलिक आम्लाचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे एकावर एक चढलेले पापुद्रे दिसतात, कौलारू छपरासारखे. आतलं पाणी उडू द्यायचं नाही आणि बाहेरचं ठरू द्यायचं नाही, हे त्याचं काम. अळवावरचं पाणी घरंगळतं तेही पानावरच्या मेणामुळेच. द्राक्षावरची साय मात्र बोट लागलं तरी पुसली जाते, म्हणून तर जाणता बागायतदार घड देठाला धरूनच कापतो. मण्यावर बोटाचा ठसा उमटला की माल हाताळलेला आहे हे लगेच कळतं. काळ्या शरद सीडलेसवर तर तो लपतच नाही.

बहुतेक नैसर्गिक मेणं साधारण एकाच घडणीची. लांब साखळीची मेदाम्लं आणि तशीच लांब अल्कोहोलं, पाण्याशी वाकडं. मधमाशीचं मेण कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरतं आणि 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागातला एक ताड पानांवर कार्नौबा मेण चढवतो. ते 82 अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून गाडीच्या पॉलिशपासून गोळ्या-चॉकलेटच्या चकाकीपर्यंत सगळीकडे चालतं. सफरचंद धुताना त्याचं मूळचं मेण बरंच निघून जातं, म्हणून काही वेळा वरून कार्नौबा किंवा लाखेचा थर देतात. (देवघरातली मेणबत्ती यांत बसत नाही. ती बहुधा पेट्रोलियममधून निघालेल्या पॅराफिनची असते.)

नाशिकला जे जपायचं, तेच तासगावच्या बेदाणेवाल्याला नडतं. मेण पाणी अडवून धरतं, त्यामुळे मणी लवकर सुकत नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे डिपिंग ऑइल. एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली इथाइल ओलिएट, त्यात घड दोन-चार मिनिटं बुडवायचे आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. मेण धुऊन जात नाही, पण पापुद्र्यांची घडी विस्कटते आणि पाण्याला वाट मिळते. दोन-अडीच आठवड्यांत बेदाणा तयार. तोही हिरवट-सोनेरी. न बुडवता उन्हात सुकवलेला काळपट पडतो.

आता पुन्हा गिऱ्हाइकाच्या प्रश्नाकडे. औषध ओळखायचं कसं? साय मण्यावर सगळीकडे सारखी असते. फवारणीचे डाग ठिपक्यांनी किंवा मण्याच्या खालच्या टोकाला थेंब वाळून पडतात. बोर्डो मिश्रणाचे असतील तर निळसर. पण साय आहे म्हणून औषध नाहीच, असं समजू नये. डोळ्यांना न दिसणारा अंशही असू शकतो. तेव्हा द्राक्षं वाहत्या पाण्याखाली धुवायचीच, फक्त खायच्या वेळी. आधीच धुऊन-पुसून फ्रीजमध्ये ठेवली तर साय निघून जाते आणि मणी लवकर सुरकुततात.