चिंचेच्या कोळात जुनी जीप

मराठवाड्यातला गंज कोकणातल्या गंजापेक्षा वेगळा. तिकडे खारा वारा पत्रा खातो, इकडे काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या जीपच्या चासीला जो चिखल चिकटतो, तो पाऊस उघडला तरी आतून ओला राहतो. वरून गाडी कोरडी ठणठणीत दिसते आणि कोपऱ्याकोपऱ्यांत लोखंड फुगत जातं.

लातूर-नांदेडकडच्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली, अॅम्बेसेडर २०१४ साली थांबली. नवा भाग मिळत नसेल तर भंगारातला उचलायचा आणि जिवंत करायचा, एवढंच हातात उरतं.

त्यासाठीचं पहिलं औषध लातूरच्या आडत बाजारातच मिळतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल गंज विरघळवतं. चिंच कोमट पाण्यात कोळून त्यात नट-बोल्ट, बिजागऱ्या, कड्या रात्रभर बुडवून ठेवायच्या. सकाळी तारेच्या ब्रशने काळपट चिखल निघून येतो. फक्त देवाची तांब्या-पितळेची भांडी घासताना आपण चिंचेला मीठ लावतो, ती सवय इथे सोडावी. मिठातलं क्लोराइड लोखंडाच्या आट्यांत अडकून राहिलं की गंज पुन्हा डोकं वर काढतो. किराणा दुकानातलं लिंबूफूल किंवा व्हिनेगर हेच काम करतं. रॉकेलची गोष्ट निराळी. ते गंज विरघळवत नाही, फटीत शिरून जाम झालेला बोल्ट सैल करतं. ते दोन-तीन दिवस मुरू द्यावं. पान्ह्यावर पाइप चढवून जोर लावला की बोल्टचं डोकं तुटतं, हे कुठलाही मिस्त्री सांगेल.

मोठ्या भागांसाठी मात्र मला धुण्याच्या सोड्याची पद्धत सर्वांत शहाणी वाटते. प्लास्टिकच्या टबात लिटरमागे चमचाभर सोडा घालायचा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह चिमटी गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला लावायची. दोन्ही पाण्यात सोडायचे, पण एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. गंज सुटतो, चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही आणि पट्टी तेवढी झिजते. सोडा संपत नसल्याने तेच पाणी पुन्हापुन्हा चालतं. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा गुण लहान नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. निघणारा वायू हायड्रोजन असतो, म्हणून टब उघड्यावर ठेवावा आणि जवळ कुणी बिडी पेटवू नये.

संडास साफ करायचं तेजाब गॅरेजात आणूच नये. ते गंजाबरोबर लोखंडही खातं आणि त्याच्या वाफेने भिंतीवर टांगलेले पान्हे गंजतात. कार्ब्युरेटरसारखे अॅल्युमिनियम-जस्ताचे भाग आम्लातही नकोत आणि सोड्यातही नकोत. कमानीचे पाटे, स्प्रिंगा, कडक पोलादाचे बोल्ट आम्लात टाकले तर हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात आणि ओझ्याखाली अचानक तुटतात. तिथे ब्रश आणि पॉलिश पेपरच बरा.

खरी हार-जीत मात्र टबाबाहेर ठरते. आम्लातून काढलेलं उघडं लोखंड काही मिनिटांतच पिवळट झाक धरतं. म्हणून सोड्याच्या पाण्यात एकदा बुचकळून, धुऊन, पुसून भाग लगेच उन्हात टाकायचा. चैत्र-वैशाखातलं इथलं ऊन या कामी कुठल्याही भट्टीला हार जात नाही. रंग द्यायचा असेल तर कोमट असतानाच रेड ऑक्साइड, नसेल तर ऑइल किंवा ग्रीस. बाभळीच्या सालीचा काढा हाही एक उपाय आहे. सालीतलं टॅनिन उरलेल्या गंजाशी मिळून काळा, टिकाऊ थर बनवतं. वस्तुसंग्रहालयांत जुनी लोखंडी हत्यारं जपायला टॅनिक आम्ल वापरतात ते याच कारणाने.

ज्या पत्र्यात पेचकस आरपार जातो, त्याला मात्र कोणताही कोळ वाचवणार नाही. तो कापून नवा जोडावा.