पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचा क्लब आणि फोनवर चालणारं दुकान

या आठवड्याच्या व्हिडिओत मी बोलता बोलता एका फुटबॉल क्लबचं नाव काढलं आणि पुढे गेलो. ती गोष्ट दोन मिनिटांत उरकण्यासारखी नव्हती, म्हणून इथे लिहितोय. फुटबॉल कळत नसेल तरी वाचा. आपल्या मंडणगड तालुक्यात वाडीवाडीत टुर्नामेंट होतात त्या क्रिकेटच्या, फुटबॉलची हळहळ कुणाला? पण ही गोष्ट मुळात कोंबड्यांच्या धंद्यातल्या माणसांची आहे. आणि दुसरं म्हणजे, दुकान गावात आणि मालक मुंबईत अशी तुमच्यापैकी ज्यांची गत आहे, त्यांची तर ही सरळ सरळ स्वतःचीच गोष्ट आहे.

वेंकीज हे नाव तुम्हाला माहीत आहे. पुण्याचा समूह. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. या माणसाचं एक काम मला फार मोठं वाटतं. पूर्वी अंडी पिकवायची शेतकऱ्यानं आणि भाव ठरवायचा व्यापाऱ्यानं, असा कारभार होता. राव गावोगावच्या कुक्कुटपालकांना जाऊन भेटले, त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं आणि १९८२ मध्ये एनईसीसी उभी राहिली. आपल्या मालाचा भाव आपण जाहीर करायचा, एवढी साधी कल्पना. आजही अंडीवाला सकाळी 'आजचा रेट काय?' असं विचारतो तेव्हा तो बहुतेक एनईसीसीचाच रेट विचारत असतो. राव १९९६ मध्ये गेले. पुढे मुलगी अनुराधा देसाई आणि मुलगे वेंकटेश व बालाजी यांनी व्याप वाढवला.

याच कुटुंबानं नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड, वर क्लबचं कर्ज अंगावर.

हा क्लब म्हणजे काही नवं दुकान नव्हतं. स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ क्लबांपैकी हा एक. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं जुनं गाव. गिरण्या गेल्या, क्लब राहिला. (गिरणगावात आजोबा कामाला होते अशी घरं आपल्याकडे किती आहेत, मोजून बघा.) त्याच गावचा जॅक वॉकर पोलादाच्या धंद्यात मोठा झाला आणि त्यानं आपला पैसा क्लबमध्ये ओतला. १९९५ मध्ये या छोट्या गावानं प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० मध्ये वारला. मग त्याचा ट्रस्ट क्लब सांभाळत होता, तो गिऱ्हाईक शोधत होता, आणि पुण्याहून गिऱ्हाईक आलं.

आता रेलिगेशन म्हणजे काय ते सांगतो, कारण आयपीएल बघणाऱ्याला ते पटकन समजत नाही. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच असतो. इंग्लंडमध्ये तसं नाही. वरच्या श्रेणीत २० संघ, त्यातले शेवटचे ३ खालच्या श्रेणीत जातात. नुसती इज्जत जात नाही. टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू निघून जातात, प्रायोजक हात आखडता घेतात. एसटी स्टँडसमोरचा गाळा सोडून मागच्या गल्लीत जायला लागावं, तसं. म्हणून तिथला चाहता टेबलात आपला संघ वर बघत नाही, आधी खालून किती आहे ते मोजतो.

वेंकीजनं क्लब घेतला तेव्हा सॅम ॲलरडाइस हा अनुभवी मॅनेजर होता. डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे खरेदीनंतर महिनाभरात, त्याला काढलं. संघ तेव्हा २० मध्ये १३वा होता. फार वर नाही, पण बुडतही नव्हता. त्याच्या जागी त्याच्याच हाताखालचा कोच स्टीव्ह कीन आला. मालकांकडून मोठी बोलणी सुरू झाली. रोनाल्डिन्होला आणायचे प्रयत्न झाले, तो आला नाही. फिल जोन्स हा पोरगेलासा चांगला बचावपटू २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये कोंबडीवर ताव मारतायत अशी जाहिरात निघाली. ऑक्टोबर २०११ मध्ये ऐन हंगामात संघ पुण्याला येऊन पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळला. पुण्याच्या पोरांना मजा आली असेल. पण तिकडे आपला संघ टेबलाच्या तळाशी आहे आणि तो विमानात बसून जाहिरातीला जातोय, हे बघणाऱ्या चाहत्याच्या मनात काय आलं असेल?

७ मे २०१२. घरच्या मैदानावर विगनविरुद्ध सामना, हरलो तर खाली. कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. ०-१ असा सामना गेला, संघ खाली गेला. ११ वर्षं वरच्या श्रेणीत होता.

पुढचा हंगाम तर विचारू नका. कीन गेला, हेनिंग बर्ग आला, तो ५७ दिवसांत गेला. मायकेल ॲपलटन आला, तो ६७ दिवस टिकला. दर दोन महिन्यांनी गल्ल्यावर नवा माणूस. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत घसरला. शेवटच्या दिवशी जिंकूनही. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे आणि यांचे गुण सारखेच, ५१. गोलफरकानं गेले.

इथे मला मालकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. या कुटुंबानं क्लब वाऱ्यावर सोडला नाही. तोटा होत असताना वर्षानुवर्षं पैसे घालत राहिले. २०१७ ला घसरल्यावर त्यांनी टोनी मोब्रे या मॅनेजरला ठेवलं, आणि वर्षभरात संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला. माणूस टिकवला की काय होतं ते दिसलं. त्याच भागातल्या बरी नावाच्या क्लबचं बघा. १८८५ चा क्लब, नव्या मालकानं १ पौंडाला घेतला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये देणी न भागल्यामुळे लीगनं तो काढूनच टाकला. आपल्याकडे तर रेलिगेशनची भीती ही चैनच म्हणायची, आपल्याकडे थेट शटर पडतं. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगच्या तळाशी गेला आणि मग मिटलाच. गंमत म्हणजे मुंबई एफसीनं ज्याला आदल्या वर्षी सोडलं तो कोच खालिद जमील, त्यानं त्याच हंगामात मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. आणि आयझॉल स्वतः आदल्या वर्षी रेलिगेट झालेला संघ. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत घेतलं होतं. असो.

मग ब्लॅकबर्नच्या चाहत्यांची तक्रार नेमकी काय? पैसा घालत नाहीत ही मुख्य तक्रार नव्हती. तक्रार ही की मालक पुण्यात. मैदानावर फिरकत नाहीत. निर्णय कोण घेतं, कुणाच्या सल्ल्यानं घेतं, पुढं काय करायचं ठरलंय, कुणी सांगत नाही. २०२३ मध्ये तर भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागायला लागली. म्हणजे चाहत्याला टेबल वाचायला लागलं आणि कोर्टाची तारीखही वाचायला लागली. ज्या घरानं अंडीवाल्यांच्या दारात जाऊन ऐकून घेतलं आणि एनईसीसी उभी केली, त्याच घराला गिऱ्हाइकाचं ऐकायला ब्लॅकबर्नला जाणं जमलं नाही. मला यातलं हेच सगळ्यात चुटपुट लावतं.

आणि मी हे वरून बोलत नाहीये. मी स्वतः दोन वर्षं नालासोपाऱ्यात राहून इथलं हार्डवेअरचं दुकान फोनवर चालवलंय. चुलतभाऊ बसायचा. रोज रात्री फोन, 'सगळं ठीक आहे'. धंदा कमी झाला की मी पोरगा बदलायचो. वर्षात तीन पोरं बदलली. माल भरायला पैसे मी कधी कमी पाठवले नाहीत, उलट जास्तच पाठवले. गणपतीला आलो तर पाइपाचे एल्बो संपलेले, आणि कुणी मागत नाही तो महागडा रंग फळीवर धूळ खात पडलेला. आमचा एक जुना गवंडी दापोलीहून सामान आणायला लागला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुझ्या दुकानात मालक कोण तेच कळत नाय. भाव विचारला की पोरगा फोन लावतो."

एवढं एक वाक्य. मी त्याच्याआधी दोन वर्षं हिशेबाच्या वहीत उत्तर शोधत होतो.

तर चाकरमानी मालकांनो, तुम्ही पुढच्या वेळी रातराणीनं गावी उतराल तेव्हा सरळ गल्ल्यावर जाऊन बसू नका. आधी जुन्या पाच गिऱ्हाइकांकडे जा. जे यायचे बंद झाले त्यांच्याकडे आधी. दुकान कोण चालवतं असं त्यांना वाटतं, ते विचारा. मग दुकानात बसणाऱ्याला विचारा की तो किती रुपयांपर्यंतचा निर्णय तुम्हाला न विचारता घेऊ शकतो. त्याला आकडा सांगता आला नाही तर चूक त्याची नाही. तो आकडा ठरवा, कागदावर लिहा, आणि किमान दोन सीझन, म्हणजे एक शिमगा आणि एक गणपती, त्या माणसाला हलवू नका. दुकान विकायचं मनात असेल तर तेही त्याला कळू द्या. बाजारात ते आधीच कळलेलं असतं.

मी काय केलं? भावाला पाच हजारांपर्यंतची मोकळीक दिली आणि महिन्यातून एक रविवार इथे यायला लागलो. गवंडी परत यायला आठ महिने लागले. पहिल्यांदा आला तो फक्त दोन किलो खिळे घ्यायला.

पुढचा व्हिडिओ उधारीवर आहे. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी ती समोर घेऊन बसा.